परत आलेला सेट

काही शब्द घरात पाहुणे म्हणून येतात आणि महिन्याभरात कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला दिसतात. ‘सेट’ हा त्यातलाच. मुळात तो इंग्रजी, हे आता कोशवाल्यांनाच आठवतं. आणि त्यांच्या जाडजूड कोशातही या चिमूटभर शब्दाने पानंच्या पानं अडवून ठेवली आहेत. तरीही त्या मंडळींनी आमच्या दातवाल्यांच्या घरी एखादा रविवार काढला असता, तर पुरवणी छापल्याशिवाय त्यांना चैन पडलं नसतं.

सकाळी साडेपाचचा गजर सेट केलेला असतो. तो वाजला की दातवाले तो बंद करून सहाचा सेट करतात. बायको ‘सहा कपांचा सेट’ म्हणून जे कप बाहेर काढते ते मोजून चार आहेत आणि त्यातल्या एकाला कान नाही. पण सेट मोडला असं ती कोणाला म्हणू देत नाही. मुलगा दुसऱ्या शहरात सेट झाला, म्हणजे त्याचे फोन बंद झाले. मुलीचं अजून काही सेट होत नाहीये, म्हणजे ती रोज फोन करते. खालच्या मजल्यावरच्या दोघांचं सेट आहे, हे त्यांच्या आईबापांखेरीज अख्ख्या जिन्याला ठाऊक आहे. पाणीखात्यातला साहेब सेट आहे, हा अर्थ खिडकी लावून घेऊन वापरायचा. आणि बायकोचं डोकं ‘आज सेट नाही’ असं ज्या दिवशी जाहीर होतं, त्या दिवशी घरात तोंड उघडायची परवानगी फक्त टीव्हीच्या सेटला.

दातवाले हे सगळे अर्थ ऐकून घेतात. त्यांच्या मते ते उसने. खरे अर्थ दोनच, आणि ते दोन्ही त्यांच्या कामाच्या खोलीत राहतात.

ही खोली एका औषधाच्या दुकानावर, अरुंद जिन्याच्या टोकाला आहे. दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर नव्हेत; कोणी तसं समजलं तर ते चूक दुरुस्त करतात, पण लगेच नाही. ते कवळ्या बनवतात. दवाखान्यातून जबड्याचा ठसा येतो. दातवाले रबरी वाटीत प्लास्टर कालवतात, ठशात ओततात, थरथरत्या पाटावर धरून त्यातले बुडबुडे काढतात आणि मग हात बांधून थांबतात. प्लास्टर सेट होत असतं. सेट होताना ते चांगलं गरम होतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. “तापलेलं असताना हात लावायचा नाही,” दातवाले सांगतात. “निवलं की समजायचं, झालं. माणसाचंही तेच आहे.” हा पहिला अर्थ. मग त्या प्लास्टरच्या जबड्यावर मेणाचा कठडा, कठड्यात एकेक दात, पुढे मेणाच्या जागी पक्की गुलाबी हिरडी, आणि घासूनपुसून शेवटी जी तयार होते ती कवळी, हा दुसरा. धंद्यात तिला कवळी कोणी म्हणत नाही. वरचा सेट, खालचा सेट, फुल सेट.

चाळीस वर्षांत त्यांनी शहरातली अर्धीअधिक बोळकी भरली असतील, पण आपले दात ज्याच्या तोंडात गेले असा माणूस समोर बसवून कधी पाहिला नव्हता. पद्धतच तशी. माणूस डॉक्टरकडे जातो, जबडा यांच्याकडे येतो. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर नंबर. बसस्टॉपवर एखादे गृहस्थ मोकळेपणाने हसले की दातवाले बायकोला कोपराने ढोसतात. “तीनशे अकरा. वरचा आपला आहे.” आणि त्या गृहस्थांकडे पाहून इतक्या आपुलकीने मान हलवतात, की गृहस्थ तोंड मिटून घेतात.

त्यांनी लावलेले दात सरळ असतात. दोरी धरून लावल्यासारखे. निसर्गाने जे आडवंतिडवं करून ठेवलं असेल ते आपण नीट करून परत पाठवायचं, असा त्यांचा आणि निसर्गाचा जुना करार होता. निसर्गाने त्यावर सही केली नव्हती, एवढंच. “आपला एकही सेट आजवर परत आलेला नाही,” हे वाक्य ते वर्षातून चार-पाचदा तरी म्हणत.

“परत यायला माणूस तर राहायला हवा,” बायको म्हणे. “सगळी सत्तरीच्या पुढची गिऱ्हाइकं तुमची.”

मग एक सेट परत आला. आणि तोही घरच्याच माणसाकडून.

दातवाल्यांची ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते. शाळेत भाषा शिकवून निवृत्त झाली, आणि गेली बारा वर्षं अंध वाचकांच्या ग्रंथालयात पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. तिथल्या वाचकांपैकी कोणी तिला पाहिलेलं नाही, पण शंभर आवाजांतून ते तिला काढून दाखवतील. खूण पक्की होती. तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती, आणि ‘स’ म्हणताना त्या फटीतून एक बारीक शीळ निघायची. केटली उकळायच्या आधी क्षणभर विचार करते ना, तेवढीच.

दातवाल्यांची त्या फटीशी ओळख त्याहून जुनी. ते पाच-सहा वर्षांचे असताना ताई हसली की ओरडायचे, “ताई, दार उघडं राहिलंय!” सगळं घर हसायचं. ताईही हसायची. तोंड मिटून.

गेल्या वर्षी ताईच्या हिरड्यांनी संप पुकारला. डॉक्टरीणबाईंनी वरचे सगळे दात काढले आणि जखमा भरायला तीन महिने सांगितले. नेमकं तेव्हा ताईचं एक पुस्तक निम्म्याच्या पुढे आलं होतं. सातशे पानांची, समुद्रप्रवासाची कादंबरी. चारशे पानं रेकॉर्ड झालेली आणि जहाज भर समुद्रात. ग्रंथालयाचा नियम एकच, पण कडक: एका पुस्तकाला एक आवाज. मध्येच आवाज बदलला की ऐकणाऱ्यांना वाटतं, कप्तान मेला. आवाज जुळला नाही तर आधीचं सगळं पुसायचं आणि पुस्तक पहिल्या पानापासून दुसऱ्या वाचकाला द्यायचं. ग्रंथालय तीन महिने थांबलं. नवे दात बसल्यावर आणखी पंधरा दिवस थांबणार होतं. अत्यंत स्वच्छ उच्चारांच्या एक बाई रांगेत उभ्याच होत्या.

बारा वर्षांत ताईने एकही पुस्तक अर्धं सोडलं नव्हतं. त्या तीन महिन्यांत ती तोंडावर रुमाल धरून बोलायची, आणि बोलायची तेही एवढंच: “धाकट्या, माझे दात तूच करायचेस. जहाज अडकलंय.”

धाकट्याने केले. चाळीस वर्षांची विद्या पणाला लावून केले. दातांचा रंग दिवसाच्या उजेडात तीनदा ताडून पाहिला. पुढचे सहा दात असे लावले की त्यांच्याकडे पाहून बाकीच्यांनी शिस्त शिकावी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मासिकात छापण्यासारखे झालेत.” दातवाल्यांची बायको म्हणाली, “वन्सं, तुम्ही माझ्याहूनही लहान दिसायला लागलात,” आणि आपण काय बोलून बसलो हे लक्षात आल्यावर काहीतरी गॅसवर असल्यासारखी आत गेली.

ताईने चार दिवस घरात मोठ्याने वर्तमानपत्र वाचून जिभेला नव्या घराची सवय केली. पाचव्या दिवशी ती ग्रंथालयात गेली. सहाव्या दिवशी सकाळी औषधाच्या दुकानाचा जिना चढून वर आली आणि रुमालाची एक पुरचुंडी दातवाल्यांच्या टेबलावर ठेवली.

“हे तुझं तुला.”

“टोचतंय?”

“नाही.”

“हलतंय?”

“नाही रे. छान आहे. इतकं छान आहे की त्यात मी नाहीच.”

झालं होतं असं. ग्रंथालयात आवाज पारखायला एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बसतात. ते जन्मापासून अंध, आणि तीस वर्षं त्यांनी ‘हॅलो’ एवढ्यावर माणसं ओळखलेली. ताईने त्यांच्यासमोर एक पान वाचून दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “उत्तम वाचता तुम्ही. आमच्या बाई कधी येणार आहेत?”

“नऊ दिवस उरलेत,” ताई म्हणाली. “माझी फट मला परत दे.”

दातवाले तापले. “चाळीस वर्षांत एक सेट परत आला नाही, आणि तू? अगं, लोक फट बुजवायला येतात माझ्याकडे! फट म्हणजे दोष. दोष कोणी मापाने करून देतं का?”

“तुझ्याकडे तो दोष. माझ्याकडे तो आवाज.”

“उद्या लोक म्हणतील, भाऊ दातवाला आणि बहिणीच्या तोंडात बघा काय!”

“म्हणू देत. ते बघणारे लोक. माझे लोक बघत नाहीत.”

दातवाल्यांनी काल ओतलेला एक जबडा उगाच उचलून पाहिला. घरी गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आपलेच दात, आपलेच ओठ. बोंब कुणाच्या नावाने मारणार? करून द्या मुकाट्याने.” जेवणं होईपर्यंत ते निवले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा सेट मेणात लावायला घेतला. मेणात असेपर्यंत दात इकडेतिकडे सरकवता येतात. एकदा गुलाबी हिरडी पक्की झाली की जो जिथे आहे तो तिथे. मधे फट ठेवली. ताईला बोलावलं. तिने सेट हातात घेऊन उजेडात धरला.

“फट कुठाय?”

“आहे की.”

“दाखव.”

दातवाल्यांनी चष्मा चढवून पाहिलं. मधले दोन दात एकमेकांना खेटून उभे होते, शाळेच्या फोटोतल्या पहिल्या रांगेसारखे. फट त्यांनी ठेवली होती यात शंकाच नव्हती. पण नंतर मेण गुळगुळीत करताना, कडा पुसताना, शेवटचा हात फिरवताना त्या हाताने चाळीस वर्षं जे केलं तेच केलं होतं. मालकाला न विचारता.

“हात सेट झालाय तुझा,” ताई म्हणाली.

त्यांनी ताईच्या देखत पुन्हा लावले. फट ठेवली. बोलता बोलता सुरी गरम करून कडेचं मेण सारखं केलं, आणि ताईने टेबलावर टिचकी मारली. “बघ. गेली.”

तिसऱ्या खेपेला दातवाले सुरी खाली ठेवून म्हणाले, “होती तरी किती ती? माप सांग.”

माप कोणालाच माहीत नव्हतं. स्वतःच्या दातातली फट कोण मोजतं? डॉक्टरीणबाईंना फोन केला, जुना ठसा आहे का म्हणून. त्या म्हणाल्या, “इतके हलत होते दात, ठसा घेतला असता तर ठशाबरोबरच बाहेर आले असते.” मग दातवाल्यांना फोटो सुचले. ताईने दुपारी घरून दोन अल्बम आणले. शाळेचा निरोप समारंभ, सहली, लग्नकार्यं, भाच्यांना कडेवर घेतलेले. साठ-सत्तर फोटो असतील. दातवाले भिंग घेऊन एकेक पान उलटत गेले. एकाही फोटोत दात नव्हता. सगळीकडे ओठ घट्ट मिटलेले, पाहुणे गेल्यावर आतून कडी घालावी तसे.

“तू फोटोत कधी हसलीच नाहीस?”

“सगळ्यांत हसलेय. नीट बघ.”

दातवाल्यांनी नीट बघितलं. मग अल्बम मिटला आणि बराच वेळ ते मेणाची सुरी पुसत बसले. सुरी स्वच्छच होती.

शेवटी ताईच म्हणाली, “माप आहे रे. चारशे पानं भरून आहे. तुला ते बघता येणार नाही, एवढंच.”

मुदतीला चार दिवस उरले असताना दातवाल्यांनी कामाच्या दिवशी खोलीला कुलूप लावलं. असं पूर्वी झालं नव्हतं, त्यामुळे खालचे औषधवाले बाहेर येऊन विचारू लागले, कोण गेलं. पिशवीत स्पिरिटचा दिवा, सुरी, मेण आणि मेणात लावलेला सेट घेऊन भाऊ-बहीण ग्रंथालयात पोचले. रेकॉर्डिंगची खोली भिंतींपासून छतापर्यंत मऊ गाद्यांनी मढवलेली. रेकॉर्डिंगवाल्यांनी दिव्याकडे पाहिलं आणि दार अडवलं. “इथे काडी ओढलीत तर पुढचं पुस्तक राखेचं.” म्हणून दातवाल्यांनी बाहेरच्या बोळात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी, स्टुलावर दुकान मांडलं. आत ताई आणि ऑपरेटर. मधलं दार उघडं.

पद्धत ठरली. आधी जुन्या रेकॉर्डिंगमधलं एक वाक्य ऐकायचं, मग ताईने तेच वाक्य नव्या सेटने वाचायचं. वाक्य ऑपरेटरनी निवडलं: “समुद्र शांत आहे असं सुकाणूवाला सांगत असे, समुद्राला ते कोणी सांगितलं नव्हतं.”

ताईने वाचलं.

“अजून पाहुण्याच आहेत,” ऑपरेटर म्हणाले.

ताई बाहेर आली, पाठ फिरवून सेट रुमालात काढून दिला. दातवाल्यांनी सुरी तापवली, दात केसभर सरकवला, गार पाण्यात बुडवून परत दिला. पुन्हा वाक्य. पुन्हा “नाही.” चौथ्या वेळी दातवाले वैतागले आणि त्यांनी फट चांगली ऐसपैस केली.

आतून जी शीळ आली, तिने टाकीवर पाणी पीत असलेले एक गृहस्थ दचकले.

“गाडी सुटतेय,” ऑपरेटर म्हणाले. “फलाटावरच्यांनी मागे व्हा. बाहेर कोण आहे हो?”

“मी. यांचा भाऊ. दात माझे.”

“तुमचे दात बाईंच्या तोंडात?”

“म्हणजे मी केलेले.”

“मग जरा कमी करा ना.”

दातवाल्यांना आयुष्यात कोणी कमी करायला सांगितलं नव्हतं. त्यांनी काउंटरवरून ग्रंथालयाची जुनी नोंदकार्डं मागून घेतली, त्यांचे तुकडे कापले, आणि फटीत तुकडे अडकवून मगच मेणाला हात लावू लागले, म्हणजे सवयीने हात घसरला तरी पुठ्ठा आडवा यावा. सहा कार्डं. पाच. मधेच त्यांच्या लक्षात आलं, की आपण सुरी हातात धरून नुसतं ऐकतोय. बारा वर्षं ताई इथे वाचत होती आणि त्यांनी तिचं एकही पुस्तक ऐकलं नव्हतं. वेळ कुठे होता? जबडे पडलेले असत.

चार कार्डं लावून सेट आत गेला.

“समुद्र शांत आहे असं सुकाणूवाला सांगत असे—”

“थांबा,” ऑपरेटर म्हणाले. “भाऊ, आता कशालाही हात लावू नका. बाई, पुढे वाचा.”

ताईने वाक्य संपवलं. पुढचं वाचलं. पान उलटल्याचा आवाज आला, आणखी एक उलटल्याचा आला, आणि तिला कोणी थांबवलं नाही. दातवाले बोळात विझलेल्या दिव्यासमोर बसून होते. जहाजावर कोणीतरी पाणी आणायला गेलं होतं, आणि ते आणतो की नाही याची त्यांना काळजी लागली होती.

“बाई आल्या,” अखेर ऑपरेटर म्हणाले. “जरा खुशीत आहेत. पण त्याच आहेत.”

ताई बाहेर आली तेव्हा दातवाल्यांनी पहिल्यांदा, समोर उभं राहून, आपला सेट माणसाच्या तोंडात नीट पाहिला. चार कार्डांची फट. नख जेमतेम शिरलं असतं.

“एवढीशीच होती?”

“एवढीशीच. तुला दार वाटायची. तू तरी केवढासा होतास तेव्हा!”

पक्का सेट करताना दातवाल्यांनी कोणावर विश्वास ठेवला नाही, स्वतःवर तर मुळीच नाही. चकतीवर घासून चमक आणेपर्यंत फटीतला पुठ्ठा त्यांनी काढला नाही. तेराव्या दिवशी सेट ताईच्या तोंडात बसला, चौदाव्या दिवशी जहाज हललं. स्वच्छ उच्चारांच्या बाईंना पक्ष्यांवरचं एक पुस्तक मिळालं. त्या म्हणे खूश आहेत.

तयार झालेल्या प्रत्येक सेटचा फोटो काढून वहीत चिकटवायचा, ही दातवाल्यांची शिस्त. काळ्या फडक्यावर सेट ठेवायचा, खाली नंबर. या सेटचा फोटो घाईत राहून गेला होता, आणि आता तो तोंडातून काढून फडक्यावर ठेव म्हणायची त्यांची छाती होईना. म्हणून पुस्तक संपल्यावर ताई वर आली तेव्हा त्यांनी तिला खिडकीजवळ बसवलं आणि फोन समोर धरला. ताईने पदर सारखा केला आणि साठ-पासष्ट वर्षांच्या सवयीने ओठ मिटून घेतले.

“ताई.”

“काय?”

“दार उघड.”

“गप रे, गाढवा, अजून तुझं तेच—”

फोटो त्या ‘गाढवा’वर निघाला. जरा हललाय. वहीत तो चिकटवल्यावर दातवाल्यांनी शेजारच्या ‘शेरा’ नावाच्या रकान्यात, जो त्यांनी चाळीस वर्षं कोराच सोडला होता, बारीक अक्षरात लिहिलं: ‘मधली फट मुद्दाम ठेवली आहे. चार कार्डं. दुरुस्तीला आल्यास कोणीही बुजवू नये.’

पेनाला टोपण घातलं. मग पुन्हा काढलं, आणि खाली लिहिलं: ‘मीसुद्धा.’